स्लीपर-मापाचं लाकूड कापणारी छोटी सॉ मिल सोलापुरात कशी उभी करावी

मोबाईलवर अमेरिकेतल्या छोट्या सॉ मिलचे व्हिडिओ पाहून आमच्या वखारीत येणाऱ्या तरुणांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काका, असलं बँडसॉ मशीन केवढ्याला पडतं?" बँडसॉ म्हणजे दातेरी पोलादी पट्टा फिरवून लाकूड कापणारी करवत. त्या व्हिडिओत एक माणूस ओकचा ओंडका ट्रॉलीवर चढवतो, चार बाजू काढतो आणि रेल्वेच्या रुळांखाली आडवा टाकायचा स्लीपर तयार करून बाजूला ढकलतो. बघायला छान वाटतं आणि तिकडे तो धंदा खरोखर चालतो. तिथल्या रुळांखाली आजही बहुतेक ठिकाणी लाकूडच आहे. ७ इंच बाय ९ इंच, लांबी साडेआठ फूट, हे तिथलं चालू माप.

मी त्या मुलांना मशीनची किंमत सांगत नाही. आधी गिऱ्हाईक, मग परवाना, मग लाकूड आणि सगळ्यात शेवटी मशीन, हा क्रम सांगतो. हा क्रम उलटा झाला की मशीनचे हप्ते सुरू होतात आणि पट्टा फिरत नाही.

गिऱ्हाईक कोण, ते आधी शोधा

रेल्वे तुमचं गिऱ्हाईक नाही, ही गोष्ट पहिल्याच दिवशी पक्की करून घ्या. आपल्या रेल्वेने मुख्य मार्गांवरचं लाकूड कधीच काढून काँक्रीटचे स्लीपर टाकले. सोलापूर स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवरून खाली वाकून पाहिलं तरी कळेल. १८९७ साली सुरू झालेली आपली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी गेजची होती, तीही आता ब्रॉडगेज झाली.

पण स्लीपरच्या मापाचं लाकूड मात्र अजून खपतं. ब्रॉडगेजच्या लाकडी स्लीपरचं जुनं माप ९ फूट बाय १० इंच बाय ५ इंच. असा जाड, सरळ, चौकोनी दांडगा तुकडा कुणाला लागतो, याचा विचार करत एक दिवस गाव फिरून या. साखर कारखान्यात गाळप संपलं की मिलचे रोलर उचलून दुरुस्ती चालते, तेव्हा जॅकखाली आणि रोलरखाली ठेवायला ठोकळे लागतात. हायड्रा आणि मोठ्या क्रेनवाल्यांना क्रेनच्या पायांखाली घालायला लागतात. जेसीबी-पोकलेन वाहणाऱ्या ट्रेलरच्या तळाला जाड फळ्या लागतात आणि त्या दरवर्षी तुटतात. चिंचोळी आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जड मशीन हलवणारे, बसवणारे आहेत. फार्महाऊसवाले बागेतल्या पायऱ्यांसाठी विचारतात, पण ते वर्षातून एकदा. त्यांच्यावर हिशेब मांडू नका.

जाताना हात हलवत जाऊ नका. बाभळीचा एक फूटभर लांबीचा, चारी बाजू काटकोनात काढलेला ठोकळा सोबत न्या आणि स्टोअरच्या माणसाच्या टेबलावर ठेवा. तो उचलून बघतो, मग स्वतःच सांगतो की आम्हाला सहा बाय सहा लागतो, चार फुटी लागतो, वर्षाला इतके लागतात. ते माप, नग आणि महिना वहीत तिथेच लिहून घ्या. अशी दहा ठिकाणं झाली की तुमची मिल कोणत्या मापाची असावी हे त्या वहीतच दिसतं.

परवान्याशिवाय एक रुपयाही गुंतवू नका

सॉ मिल म्हणजे पिठाची गिरणी नव्हे, की जागा घेतली, वीज घेतली आणि चालू केली. जंगलं वाचवण्याच्या गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आणि त्यापुढच्या आदेशांनी विनापरवाना सॉ मिलवर बंदी आली. २०१६ मध्ये केंद्राने लाकूड-आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार नव्या परवान्याचा निर्णय राज्यस्तरीय समितीकडे जातो, आणि परिसरात लाकूड पुरेसं आहे का हे पाहूनच तो होतो. जंगलाच्या किंवा अभयारण्याच्या हद्दीपासूनचं अंतरही पाहिलं जातं. आपल्याकडे नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, वनविभागाचे गवताळ माळ जागोजागी आहेत. म्हणून जागेचा सौदा करण्याआधी सातबारा आणि नकाशा घेऊन उपवनसंरक्षक कार्यालयात जा, तिथे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी "होईल की" यावर विसंबू नका.

नवा परवाना मिळायला वेळ लागतो, कधी मिळतही नाही. अशा वेळी दोन वाटा उरतात. एक, बंद पडलेली पण परवाना जिवंत असलेली मिल विकत किंवा भागीत घ्यायची. हस्तांतरण आणि नूतनीकरण वनविभागाच्या कागदावर झाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. दुसरी वाट मला जास्त आवडते: पहिले सहा महिने स्वतःची मिल काढूच नका. लाकूड तुम्ही घ्या, परवानाधारक मिलवर मजुरी देऊन कापून घ्या आणि तुमच्या वहीतल्या गिऱ्हाईकांना द्या. कापणीच्या मजुरीत थोडा नफा जातो, जाऊ द्या. सहा महिन्यांत कोण पैसे वेळेवर देतं, कोणतं माप पडून राहतं आणि किती लाकूड वाया जातं हे सगळं कळतं, आणि ही माहिती मशीन घेतल्यावर फार महागात पडते.

बाकीचे कागद नेहमीचे: उद्यम नोंदणी, जीएसटी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, महावितरणकडून थ्री-फेज जोडणी, महापालिका हद्दीत अग्निशमनची एनओसी. कर्ज आणि अनुदानासाठी जिल्हा उद्योग केंद्रात जा, पण सॉ मिलला कोणती योजना बसते हे अर्ज भरण्याआधी विचारा.

लाकूड: घेर मोजायला शिका

सोलापूर जिल्हा कमी पावसाचा. सागाचं जंगल इथे नाही. मिळतं ते शेताच्या बांधावरचं: बाभूळ, कडुनिंब, सुबाभूळ, निलगिरी, कुठे चिंच. आपल्या कामाला बाभूळ सगळ्यात चांगली. जड, चिवट, मार खाणारी. आजोबांच्या काळात औतं आणि बैलगाडीचे भाग हिचेच व्हायचे, ते उगीच नाही.

शेतकऱ्याकडून झाड घेताना आधी परवानगीचं बघा. महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा १९६४ च्या यादीतली झाडं, जसं साग, आंबा, चंदन, परवानगीशिवाय खासगी जमिनीवरही तोडता येत नाहीत. शहर हद्दीत १९७५ चा वेगळा वृक्ष कायदा लागतो. वाहतूक पास कोणत्या जातीला लागतो आणि कोणत्या जातीला माफ आहे, याची छापील यादी वनविभागाकडून घ्या आणि तिची झेरॉक्स ट्रक ड्रायव्हरच्या खिशात ठेवा. रात्री नाक्यावर तो एकटाच असतो.

आता खरी गोष्ट, ओंडक्याचं गणित. व्यापारात गोल लाकडाचा घेर मोजतात, घेराचा चौथा हिस्सा काढून त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. समजा ९ फूट लांब, ४० इंच घेराचा ओंडका आहे. चौथा हिस्सा १० इंच. १० गुणिले १० म्हणजे १०० चौरस इंच, गुणिले ९ फूट: सव्वासहा घनफूट. त्यातून १० बाय ५ चा एकच स्लीपर निघतो, तो सव्वातीन घनफुटांच्या आत, नेमका ३.१२५. म्हणजे विकत घेतलेल्या मापातलं बरोबर निम्मं.

आता ४८ इंच घेराचा घ्या. चौथा हिस्सा १२ इंच, माप झालं ९ घनफूट. यातून १० बाय १० चा चौकोन बसतो, म्हणजे दोन स्लीपर, सव्वासहा घनफूट. हे झालं एकोणसत्तर टक्के. घेरात फक्त आठ इंचांचा फरक, आणि धंदा निम्म्यावरून दोन तृतीयांशावर गेला. म्हणून टेप नेहमी खिशात ठेवा आणि घेर बारीक टोकाकडून मोजा. शेतकरी किंवा दलाल बुंध्याकडचा दाखवतो. बाभूळ बऱ्याचदा टनावर विकली जाते, तेव्हा ओल्या लाकडात पाण्याचे पैसे जातात हेही डोक्यात असू द्या. वर सांगितलेला ४८ इंची ओंडका ओला असेल तर एकटाच तीनशे-साडेतीनशे किलो भरतो.

वाकडी बाभूळ ९ फुटाला मिळणं अवघडच. मिळाली नाही तर नाराज होऊ नका. तुमच्या वहीत चार फुटी ठोकळ्यांची मागणी असेल तर वाकड्या झाडातूनही दोन सरळ तुकडे निघतात. इथेच आपली छोटी मिल मोठ्या व्यापाऱ्यापुढे टिकते.

मशीन

आता मशीनकडे या. आडवा पट्टा असलेला, रुळांवर सरकणारा बँडसॉ छोट्या कामाला पुरतो. गोल करवतीचं पातं एका कापात पाच-सहा मिलिमीटर लाकडाचा भुसा करतं, पट्टा करवत दोन-अडीच. दहा कापांत गोल करवत सव्वादोन इंच लाकूड खाते. बाभळीच्या भावात ते परवडत नाही.

मशीन जुनं घेत असाल तर रंग बघू नका. दोन्ही चाकं हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका, पट्टा चढवून तो चाकावर पुढे-मागे सरकतो का बघा आणि तुमच्यासमोर एक बाभळीचा ओंडका कापायला लावा. मऊ लाकडावर सगळीच मशीनं सरळ चालतात. बाभळीवर पट्टा लाटा मारत असेल तर ताण कमी आहे किंवा दातांचं सेटिंग, म्हणजे दातांचा डावा-उजवा बाक, गेलंय. पट्ट्याला धार लावणारा माणूस गावात कुठे आहे, हे मशीनच्या आधी शोधा. निदान चार पट्टे हाताशी हवेत: एक मशीनवर, एक धारेला, दोन राखीव.

कापणी

ओंडका चढवण्याआधी साल काढून घ्या. सालीत माती आणि वाळू असते, ती पट्ट्याची धार खाते. मग खिळे शोधा. एकदा रस्त्याकडेच्या कडुनिंबाचा ओंडका आला. वरून स्वच्छ दिसत होता. दुसऱ्याच कापाला चर्र असा आवाज झाला, पट्टा तुटून गार्डवर आदळला आणि कामगाराच्या हातापासून वीतभर अंतरावर थांबला. आत सहा इंचांवर कुणीतरी कधीकाळी पाटी लावायला ठोकलेला खिळा होता. झाड वाढलं आणि त्याला गिळून बसलं. त्या दिवसापासून वखारीत हातात धरायचा मेटल डिटेक्टर आहे आणि गार्ड लावल्याशिवाय मोटरचा स्विच कुणी दाबत नाही. उपरणं, सैल बाह्या, लोंबता मफलर घालून मशीनजवळ यायचं नाही, हा नियम मालकालाही आहे.

एक स्लीपर काढताना गाभा मधोमध यायला हवा. गाभा एका कडेला गेला की वाळताना तुकडा पिळतो. पहिली पाठ, म्हणजे बाहेरची गोलसर फळी, काढली की ओंडका अर्धा फिरवा आणि समोरची पाठ तितकीच काढा. एकाच बाजूने कापत गेलात तर आतला ताण सुटून ओंडका धनुष्यासारखा वाकतो. दोन्ही पाठी झाल्या की पाव वळण देऊन सपाट बाजू खुंट्याला टेकवा, गुण्या लावून काटकोन बघा आणि मगच तिसरा काप घ्या. ओलं लाकूड वाळून आकसतं, म्हणून मापाला पाव इंच जास्त ठेवा. बाभूळ ओली असतानाच कापा; महिनाभर उन्हात पडलेली बाभूळ पट्ट्याला दगडासारखी लागते.

वाळवणं

आपला एप्रिल-मे लाकडाला फार वाईट. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत ताजा कापलेला ठोकळा उघड्यावर ठेवला तर दोन दिवसांत टोकाला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. कापल्या दिवशीच दोन्ही टोकांना जाड ऑइलपेंट लावा, पत्र्याखाली सावलीत थप्पी लावा आणि प्रत्येक थरामध्ये एकाखाली एक येतील अशा इंचभर पट्ट्या ठेवा. बाभळीच्या पांढऱ्या बाहेरच्या लाकडाला किडा लागतो. जुने लोक लाकूड विहिरीत बुडवून ठेवायचे ते त्यासाठीच; आजही एखादा हौद असेल तर हा उपाय करून बघण्यासारखा आहे.

जुने रेल्वे स्लीपर घेत असाल तर

रेल्वेचं भंगार आयआरईपीएस या रेल्वेच्या खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन पोर्टलवर ई-लिलावात निघतं. त्यात जुने लाकडी स्लीपर मिळाले तर लाकूड उत्तम असू शकतं, पण दोन गोष्टी सांभाळा. आत रुळाचे तुटके खिळे असतात. शिवाय अनेक स्लीपरना क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून लावायचं डांबरी तेल, पाजलेलं असतं, ते काळं, डांबरासारखा वास येणारं. त्याचा भुसा अंगावर, डोळ्यात जाऊ देऊ नका, मास्क आणि हातमोजे घाला. त्याचे तुकडे चुलीला, हॉटेलच्या भट्टीला कधीही देऊ नका आणि भाजीच्या वाफ्याला लावायला विकू नका. गिऱ्हाईक मागेल, तरी नाही म्हणा.

पाठी आणि भुसा

ताज्या लाकडातून निघालेल्या पाठी वेगळ्या रचा. जाड पाठींतून पॅकिंगच्या पट्ट्या निघतात, बाकीच्या भट्टीवाले नेतात, भुसाही जळणाला जातो. हा पैसा रोजच्या वहीत वेगळ्या रकान्यात लिहा. महिन्याअखेर तो रकाना आणि वीजबिल शेजारी ठेवून पाहा. पाठींच्या पैशांतून वीजबिल निघत नसेल तर तुम्ही फार बारीक ओंडके घेताय, पुढच्या खेपेला टेप घट्ट धरा.