ट्रू डिटेक्टिव्हचा दुसरा सीझन वैताग न येता कसा बघायचा

आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर शिव्या नकोत, ट्रू डिटेक्टिव्ह या एचबीओ चॅनलच्या अमेरिकन पोलिसी सिरीजचा दुसरा सीझन पहिल्याच्या आसपासही पोचत नाही. पण लोक म्हणतात तितका टाकाऊ पण नाहीये. मी दोनदा बसलोय त्याच्यासमोर, पहिल्यांदा तिसऱ्या एपिसोडला कंटाळून बंद केला आणि वर्षभराने परत लावला तेव्हा शेवटपर्यंत बघितला आणि चक्क आवडला. सिरीज तीच होती, मीच आधी चुकीच्या पद्धतीने बघत होतो. तर पद्धत सांगतो. सुरुवातीच्या पाच-सहा एपिसोडमधल्या गोष्टी येतील, खुनी कोण आणि शेवटी काय ते नाही सांगणार.

सगळ्यात आधी गॅप घ्या. पहिला सीझन रविवारी रात्री संपवला आणि लगेच पुढचा लावला असं करू नका, मी नेमकं तेच केलं होतं. डोक्यात अजून पहिल्या सीझनचा डिटेक्टिव्ह रस्ट कोल सिगरेट ओढत बसलेला असतो, लुईझियानाची ती दलदल, ते गवत, ते पडकं चर्च सगळं डोळ्यासमोर असतं आणि अचानक कॅलिफोर्नियाचे हायवे आणि कारखान्यांची धुरांडी दिसायला लागतात, चार नवीन चेहरे, एकही ओळखीचा नाही, मग माणूस चिडणारच ना. ही अँथॉलॉजी आहे, दर सीझनला गोष्ट नवी, माणसं नवी, गाव नवं, त्यामुळे मध्ये महिना-दोन महिने गेले तरी काही विसरायचा प्रश्न नाही. मध्ये काहीतरी वेगळं बघा, कॉमेडी बघा, मॅच बघा, काहीही.

या गॅपमध्ये एक गोष्ट समजून घ्या, पहिला सीझन तसा का जमला. 2014 च्या जानेवारीत तो आला, आठ एपिसोड, आठही निक पिझोलाटोने लिहिले आणि आठही केरी फुकुनागाने डायरेक्ट केले. टीव्हीवर असं सहसा होत नाही, दोन-तीन एपिसोडला डायरेक्टर बदलतो. इथे लिहिणारा एक, दाखवणारा एक, म्हणून तो आठ तासांचा एकसंध पिक्चर वाटतो. चौथ्या एपिसोडच्या शेवटचा तो सहा मिनिटांचा एकच शॉट आठवा, कॅमेरा घरात शिरतो, बाहेर पडतो, कुंपणावरून जातो आणि मध्ये कट नाही, फुकुनागाला डायरेक्शनची एमी, म्हणजे टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाली ती उगाच नाही. त्यात नशीब पण असं की सीझन चालू असतानाच रस्ट कोल झालेल्या मॅथ्यू मॅकॉनहेला ऑस्कर मिळालं, शेवटच्या एपिसोडच्या बरोबर आठवडाभर आधी. शेवटच्या एपिसोडला एवढी गर्दी झाली की एचबीओचं अ‍ॅपच बसलं. म्हणजे चांगलं लिखाण, चांगला डायरेक्टर, दोन नट ऐन फॉर्मात आणि वरून योग, हे सगळं एकदम जुळून आलं होतं.

आणि दुसऱ्या वेळी काय झालं तर घाई. पहिला संपला 9 मार्च 2014 ला आणि दुसरा सुरू झाला 21 जून 2015 ला, म्हणजे सव्वा वर्षात नवीन गोष्ट, नवीन कास्ट, शूटिंग, एडिटिंग सगळं उरकलं. फुकुनागा डायरेक्टर म्हणून नव्हताच, आठ एपिसोडना सहा वेगवेगळे डायरेक्टर. नंतर एचबीओचे तेव्हाचे प्रोग्रॅमिंग हेड मायकल लोम्बार्डो यांनी स्वतःच कबूल केलं की चूक आपली, टीव्हीवर यायची ठरलेली तारीख गाठायच्या नादात आपण लेखकाला पुरेसा वेळ दिला नाही. मला हे वाचल्यावर पिझोलाटोवरचा राग बराच कमी झाला खरं सांगायचं तर. याचा बघताना उपयोग असा की एकच मूड आठ तास टिकेल ही अपेक्षा सोडून द्या, एक एपिसोड ढिला, पुढचा टाइट असं होणार, ढिला आला की लगेच सीझनच बेकार म्हणून टॅब बंद करायचा नाही.

आता मुख्य काम. एक कागद घ्या. हसू नका, खरंच घ्या. पहिल्या सीझनमध्ये दोन माणसं आणि एक केस होती, इथे चार मेन लोक आहेत आणि प्रत्येकाच्या मागे वेगळा साहेब. कागदाच्या मधोमध लिहा बेन कॅस्पीर, विंची शहराचा सिटी मॅनेजर, म्हणजे शहराचा कारभार बघणारा अधिकारी. हा मेलाय, हायवेच्या कडेला बाकावर बसवलेला सापडतो, डोळे अ‍ॅसिडने जाळलेले. आता त्याच्या भोवती चौघं मांडा. रे व्हेल्कोरो, विंचीचा पोलीस, कॉलिन फॅरेल. अ‍ॅनी बेझेरिडीस, शेजारच्या काउंटीच्या शेरिफ ऑफिसची डिटेक्टिव्ह, रेचल मॅकअ‍ॅडम्स. पॉल वुड्रू, हायवे पोलीसवाला, टेलर किच, प्रेत यालाच सापडतं. आणि फ्रँक सेमयॉन, गुंड, ज्याला आता सभ्य बिझनेसमन व्हायचंय, विन्स व्हॉन.

आणि खरी गंमत दुसऱ्या एपिसोडला आहे जी मी पहिल्यांदा बघताना पूर्ण मिस केली, कारण मी फोन चाळत होतो. तिघं पोलीस एकाच केसवर एकत्र काम करतायत पण तिघांना आपापल्या साहेबांनी गुपचूप वेगवेगळं काम दिलंय. रेला सांगितलंय की फार खोलात जाऊ देऊ नको, शहराची लफडी बाहेर यायला नकोत. अ‍ॅनीला सांगितलंय की रेवर लक्ष ठेव, तो विकलेला आहे. वुड्रू राज्य सरकारचा माणूस म्हणून आत बसलाय आणि राज्याला खुनात इंटरेस्ट नाहीये, त्यांना विंचीची फाइल उघडायचीय. म्हणजे खुनी सापडावा असं वरच्या कोणालाच मनापासून वाटत नाहीये! कागदावर प्रत्येक नावापुढे हे लिहून ठेवा, पुढचे सहा एपिसोड निम्मे सोपे होतात.

कागदावर अजून एक ओळ हवी, जमीन. ही गोष्ट सीरियल किलरची नाहीच, ही जमिनीच्या व्यवहाराची आहे. कॅलिफोर्नियात हाय स्पीड रेल्वे होणार, तिच्या मार्गावरची जमीन आधीच स्वस्तात घेऊन ठेवायची, मग सरकारी पैसा आला की मालामाल, हा प्लॅन. फ्रँकने त्याचं सगळं घालून ठेवलंय यात, पैसा कॅस्पीरकडे दिलेला, आणि व्यवहार व्हायच्या आत कॅस्पीर मेला आणि पैसा गायब. रेल्वे लेखकाच्या डोक्यातली नाहीये, 2008 मध्ये तिथल्या लोकांनी खरंच मतदान करून तिच्यासाठी जवळजवळ 10 अब्ज डॉलरचे बाँड मंजूर केले होते. आणि विंची म्हणजे लॉस एंजेलिसच्या खेटून असलेलं व्हर्नन हे खरं शहर, फक्त नाव बदललंय. हे व्हर्नन प्रकरण सिरीजपेक्षा भारी आहे राव. सगळे कारखाने आणि गोदामं, रोज हजारो कामगार येतात-जातात, पण राहणारे किती तर 2010 च्या जनगणनेत 112 माणसं. घरं पण तेव्हा बहुतेक शहराच्याच मालकीची, म्हणजे मतदार कोण असावेत हे कारभाऱ्यांच्याच हातात होतं. कारभाऱ्यांवर भ्रष्टाचाराच्या केसेस झाल्या आणि 2011 मध्ये तर राज्याच्या विधिमंडळात हे शहरच बरखास्त करायचं बिल आलं होतं, सिनेटमध्ये पडलं. हे वाचून मग पहिला एपिसोड लावा, ती धुराड्यांची वरून घेतलेली दृश्यं, ते उगाच लांबवलेले हायवेचे शॉट, सगळ्याला अर्थ येतो. मला आधी वाटलेलं टाइमपास म्हणून टाकलेत.

मग क्लू शोधायची सवय सोडा. पहिल्या सीझनने आपल्याला ती सवय लावली, यलो किंग कोण, कार्कोसा म्हणजे काय, ही नावं ज्यात आहेत ते रॉबर्ट चेंबर्सचं 1895 चं पुस्तक लोकांनी शोधून काढून वाचलं, थिअऱ्यांवर थिअऱ्या, आणि शेवट आला तो अगदी साधा. तेव्हाही बरेच जण खट्टू झालेले, ते आता कोणाला आठवत नाही, आता सगळे म्हणतात पहिला सीझन परफेक्ट. दुसऱ्यात पक्ष्याचा मुखवटा घातलेला माणूस येतो तेव्हा परत तोच मोह होईल, पॉज करून भिंतीवरची चित्रं बघावीशी वाटतील, नका बघू. इथे गूढ असं काही नाहीये, कोणाचा पैसा कोणाकडे गेला एवढंच विचारत राहा.

किती एपिसोड एका बैठकीत? पहिले दोन एकत्र बघा, कारण पहिला नुसता माणसं मांडण्यात जातो आणि खरी सुरुवात दुसऱ्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत होते. तिसरा एकटा, तो जरा रखडतो. चौथा निवांत रात्री, आवाज वाढवून, त्याच्या शेवटी रस्त्यावरची जी गोळीबाराची मारामारी आहे ती मुद्दाम पहिल्या सीझनच्या त्या सहा मिनिटांना उत्तर म्हणून ठेवलीय असं मला वाटतं, फक्त तिथे थरार होता आणि इथे नुसता गोंधळ आणि माणसं पटापट मरतात, बघून झाल्यावर भारी वाटत नाही, पोटात कालवल्यासारखं होतं. पाचवा लगेच लावू नका. पाचवा 66 दिवसांनंतर सुरू होतो, सगळ्यांच्या नोकऱ्या, मिशा, घरं बदललेली असतात, तुम्ही पण एक दिवस जाऊ दिलात तर ती उडी अंगावर येत नाही. सहावा मात्र चुकवू नका, सुरुवातीला रे आणि फ्रँक टेबलाशी समोरासमोर बसून शांतपणे बोलतात, दोघांचे हात टेबलाखाली, त्या सीनसाठी मी अख्खा सीझन माफ केला.

सबटायटल चालू ठेवा, हे फार महत्त्वाचं. फॅरेल आणि मॅकअ‍ॅडम्स अर्धं बोलणं तोंडातल्या तोंडात करतात. शिवाय जमीनवाल्या कंपन्यांची नावं नुसती ऐकून लक्षात राहत नाहीत. टायटल गाणं स्किप करू नका, लेनर्ड कोहेनचं आहे आणि दर एपिसोडला त्यातल्या वेगळ्या ओळी लावल्यात, मला हे पाचव्याला कळलं.

फ्रँकच्या डायलॉगचं काय करायचं, तर सहन करायचं. विन्स व्हॉन बिचारा प्रामाणिक काम करतो पण त्याला वाक्यं अशी दिलीत की गुंड बोलतोय का कोणी डिक्शनरी घेऊन बसलाय कळत नाही. दुसऱ्या एपिसोडच्या सुरुवातीला तो पलंगावर पडून छताच्या डागाकडे बघत लहानपणीची उंदराची गोष्ट सांगतो, तिथे बहुतेकांनी हात टेकले. रस्ट कोल असलंच जडजड बोलायचा पण त्याच्या शेजारी त्याचा जोडीदार पोलीस मार्टी होता, गाडी चालवता चालवता त्याला गप्प बस म्हणायचा आणि आपण हसायचो. दुसऱ्यात मार्टीच नाहीये, चारही जण दुःखी, कोणीच कोणाला गप्प बस म्हणत नाही. माझ्या मते सीझनचं खरं दुखणं हे आहे, घाई, डायरेक्टर वगैरे नंतर. त्यामुळे फ्रँक सुरू झाला की मार्टीचं काम तुम्हीच करा, मोठ्याने बोला टीव्हीशी, मी बोलायचो, मजा येते. अजून एक, स्टॅन नावाचा माणूस तिसऱ्या एपिसोडला मरतो आणि सगळे त्याच्यासाठी हळहळत बसतात, तेव्हा मागे जाऊन हा कोण होता ते शोधू नका. फ्रँकच्या मागे उभा असायचा, बस एवढंच.

सोडायचा कधी? चौथा संपल्यावर जर रे आणि अ‍ॅनीचं पुढे काय होतं हे जाणून घ्यायची अजिबात इच्छा नसेल तर खुशाल सोडा. वुड्रूची गोष्ट घाईत उरकलीय, त्याच्यासाठी थांबण्यात अर्थ नाही. सरळ तिसऱ्या सीझनवर जा, तो 2019 चा, मधे साडेतीन वर्षं घेतली आणि ते दिसतं. मेहेरशाला अली, आर्कान्सा, एकच केस 1980, 1990 आणि 2015 अशा तीन काळांत. पहिल्याचा साचा परत वापरलाय पण मनापासून वापरलाय. चौथा 2024 चा, अलास्का, जोडी फॉस्टर, सहाच एपिसोड, सगळे एपिसोड डायरेक्ट करणारी परत एकटी, इसा लोपेझ. तो पहिल्या सीझनच्या खुणा जरा जास्तच दाखवतो, गरज नव्हती. हा, पण दुसरा सोडून तिसरा बघितलात आणि आवडला तर एकदा दुसऱ्याकडे परत या. एचबीओच्याच द वायर या पोलिसी सिरीजच्या दुसऱ्या सीझनचं असंच झालेलं, 2003 मध्ये गोष्ट अचानक बाल्टिमोरच्या बंदरावर गेली म्हणून लोक वैतागलेले, आता तोच कित्येकांचा आवडता आहे. ट्रू डिटेक्टिव्हचं तेवढं होणार नाही, पण रे व्हेल्कोरो आणि त्याचा तो जाडा पोरगा, त्यांचे सीन अजून माझ्या डोक्यात आहेत.

आणि शेवटचा एपिसोड जवळजवळ दीड तासाचा आहे, झोपायच्या आधी एक लावून टाकू म्हणून रात्री साडेअकराला लावू नका.