डोंगरातली जागा बघताय? खानापूर-जांबोटीकडे या चुका टाळा

जून उलटला की बेळगावात प्रत्येकाच्या मोबाइलवर त्याच जाहिराती फिरायला लागतात. 'डोंगरातली तीन एकर, बारमाही ओढा लागून, चोर्ला रोडपासून पाच मिनिटं, फार्महाऊस, होमस्टे, घोड्यांच्या रँचसाठी उत्तम.' फोटोत धुकं, हिरवागार उतार आणि कोपऱ्यात छत्री धरून उभा राहिलेला एजंट. मग पुण्याहून, कोल्हापुराहून, गोव्याहून गाड्या येतात. जांबोटीत चहा-भजी होतात, चिखलात बूट भरतात आणि संध्याकाळपर्यंत इसार देऊन माणसं मोकळी होतात.

मी वकील नाही की एजंटही नाही. नोकरीच्या निमित्तानं कन्नड उतारे वाचून वाचून नजर तयार झाली, म्हणून ओळखीतले लोक कागद घेऊन घरी येतात. बरेचसे इसार देऊन झाल्यावर येतात, हा भाग वेगळा. त्यांना हसायचा मला अधिकार नाही, कारण पहिली चूक मी स्वतःच केली आहे.

श्रावणात जागा बघणे

कणकुंबीच्या अलीकडे अडीच एकराचा एक तुकडा मी भर श्रावणात बघितला. खालच्या अंगाला ओढा असा काही खळाळत होता की बोललेलं ऐकू येईना. घेतला. चैत्रात गेलो तर ओढ्यात नुसते गोटे, आणि त्यांवर कुणीतरी वाळत घातलेली गोधडी. शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्या काकांना विचारलं, तर म्हणाले, "पाणी हाय की. खरं संक्रांतीपतुर."

बाहेरच्यांना हे पटत नाही. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते, म्हादई भीमगडच्या जंगलातून निघते, आमगावसारख्या गावाचं नाव कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत घेतलं जातं, आणि इथं पाणी नाही म्हणजे काय? कारण साधं आहे. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो, जमीन उताराची आहे आणि वरचा थर जांभ्याचा. जांभा चाळणीसारखा. पाणी आत जातं आणि खालच्या झऱ्यांतून निघूनही जातं. तुमची जागा डोंगराच्या वरच्या अंगाला असेल, तर झरा फुटतो तो खालच्या माणसाच्या शेतात.

तेव्हा जागा एप्रिलच्या अखेरीस किंवा मेमध्ये बघा. एजंटला न घेता जा. जवळच्या वस्तीवर विचारा की होळीनंतर पाणी कुठून आणता. हा एक प्रश्न भूजलाच्या रिपोर्टाइतकाच कामाचा आहे. उन्हाळ्यातही हिरवागार उभा असलेला उंबर कुठं दिसतोय का बघा. 'बोअर मारली की झालं' हे वाक्य ऐकलं, तर शेजारच्यांच्या किती बोअर कोरड्या गेल्या तेही विचारून घ्या.

घेऊन बसलाच असाल, तर उपाय साठवणीचा. हजार चौरस फुटांच्या पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की साधारण ९,००० लिटर पाणी उतरतं, आणि इकडे आषाढात तेवढा पाऊस एका दिवसातही पडून जातो. शेततळं, म्हणजे इकडच्या सरकारी भाषेतला कृषी होंडा, खणायचं असेल तर आत प्लास्टिकचा कागद अंथरल्याशिवाय खणू नका. जांभ्यात नुसतं खणलेलं तळं गणपतीत भरलेलं दिसतं आणि दिवाळीनंतर महिन्याभरात तळाला जातं. माझं गेलं होतं.

उतारा न वाचता सही करणे

उतारा कन्नडमध्ये असतो. आपल्या मराठी माणसाला वाटतं, सात-बारासारखाच असणार, नाव बरोबर आहे ना, बास. खरी गोची इथंच होते. उतारा, म्हणजे आर.टी.सी. किंवा पहाणी, कर्नाटक सरकारच्या 'भूमी' संकेतस्थळावर ऑनलाइन मिळतो. एजंटनं व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या जुन्या फोटोवर जाऊ नका, ताजा काढा आणि वाचता येणाऱ्या माणसाला समोर बसवून एकेक रकाना वाचून घ्या.

पहिलं क्षेत्र. आकडे एकर, गुंठे, आणे असे येतात. चाळीस गुंठ्यांचा एकर. त्याखाली खराब जमीन दोन प्रकारची लिहिलेली असते, 'अ' आणि 'ब'. 'अ' खराब म्हणजे खडक, खळं, लागवडीला न येणारा भाग. तो धारकाचाच. 'ब' खराब म्हणजे रस्ता, पायवाट, नाला, मसणवट असा सार्वजनिक उपयोगासाठी ठेवलेला भाग. तो विकणाऱ्याचा नव्हेच, म्हणून तुमचाही होणार नाही. गेल्या वर्षी एक गोव्याचे गृहस्थ उतारा घेऊन आले. एकूण क्षेत्र तीन एकर बारा गुंठे, त्यात 'ब' खराब अठरा गुंठे. राहिले दोन एकर चौतीस. पैसे ठरले होते तीन एकर बारा गुंठ्यांचे. आणि ते अठरा गुंठे कशाचे? ओढ्याचे. जाहिरातीत ज्याचा फोटो होता, ज्याच्या काठावर त्यांना लाकडी डेक बांधायचा होता, तोच ओढा. ते माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मीच तो नकाशातून काढून घेतला.

नववा रकाना मालकांच्या नावांचा. नावांपुढं 'जंटी' लिहिलेलं दिसलं तर जमीन सामाईक आहे. एका नंबरात चुलत-चुलत मिळून चौदा नावं असतात आणि विकायला आलेला असतो एकटा. 'माझ्या वाटणीचा तुकडा हा' असं तो काठीनं दाखवतो. ती वाटणी काठीत असते, कागदात नसते. सर्व्हे नंबरातला काही भाग घ्यायचा असेल तर ११-ई स्केच, म्हणजे त्या तुकड्याचा सरकारी मोजणीचा नकाशा, लागतं. ते झालंय का, की नुसता 'करून देतो' हा शब्द आहे, हे इसाराआधी बघा. आणि बहिणी. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क कर्नाटकानं १९९४ मध्येच दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. तरी 'बहिणींचं काही नाही हो, त्या सही देतील' हे वाक्य दर दोन व्यवहारांमागं ऐकू येतंच. देतील तर मग आत्ताच आणा की. वंशावळ मागा आणि तिच्यातल्या प्रत्येक नावाच्या सहीचा हिशोब लावा.

अकराव्या रकान्यात 'ऋणगळू', म्हणजे बोजा. सोसायटीचं पीककर्ज, बँकेचं तारण, कोर्टाची तूर्त मनाई, सगळं इथं. पण इथं काही नाही म्हणजे काहीच नाही असं समजू नका. उपनिबंधक कार्यालयातून ई.सी., म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचं आणि बोजांचं प्रमाणपत्र, काढा आणि जितकी जुनी मिळेल तितकी काढा.

सगळ्यात घातक असतो मूळ ग्रँटचा प्रकार. जमीन या कुटुंबाकडं आली कशी? अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला सरकारनं दिलेली असेल, तर अशा जमिनींच्या हस्तांतरणाला मनाई करणारा १९७८ चा पी.टी.सी.एल. कायदा लागतो. सरकारची परवानगी न घेता झालेली विक्री रद्द होते आणि जमीन त्या कुटुंबाकडं परत जाते. मध्ये चार हात बदललेले असले तरी. 'लई वर्षं झाली, आता कोण विचारतंय' यावर विसंबू नका, जमीन परत मागायला मुदतीचं बंधन नाही असं २०२३ च्या दुरुस्तीनं म्हटलंय. हा कायदा मला योग्यच वाटतो. ज्यांच्या जमिनी दारूच्या उधारीत गेल्या त्यांची बाजू कुणीतरी घ्यायला हवी होती. पण म्हणूनच घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवायचे. कुळांना फॉर्म नंबर सात भरून मिळालेल्या जमिनींवरही पंधरा वर्षं विक्रीबंदी होती, तेव्हा तारीख तपासा. इनाम, देवस्थान, गायरान यांपैकी एक जरी शब्द जुन्या फेरफारात दिसला, तर तिथंच थांबून खानापूरच्या जाणत्या वकिलाला गाठा.

'रस्ता आहे की!'

गाडी जागेपर्यंत गेली म्हणजे रस्ता आहे असं नसतं. सुगी झाल्यावर इकडं सगळी शेतं मोकळी असतात आणि कुणाच्याही बांधावरून जीप जाते. भात लावलं की तोच रस्ता बंद. गावनकाशा काढून त्यावर वाट बघा. गाडीवाटेला कन्नडमध्ये 'बंडी दारी' म्हणतात, पायवाटेला 'कालू दारी'. नकाशावर फक्त कालू दारी असेल, तर घोडा चढेल, पण घोड्याच्या चाऱ्याचा टेंपो चढणार नाही. नकाशावर काहीच नसेल, तर ज्याच्या शेतातून जायचं त्याच्याकडून वाटेचा हक्क नोंदणीकृत कागदावर घ्या. तोंडी 'जावा की, कोण अडवतंय' हे पहिला सौदा होईपर्यंतचं असतं. माझ्या ओळखीच्या एकाच्या वाटेत तिसऱ्या वर्षी करवंदीच्या काट्यांची कवाडी उभी राहिली. भांडण कसलं, तर यानं गावच्या जत्रेची वर्गणी दिली नव्हती. जत्रेची वर्गणी द्या.

पावसात पूल बुडतात हेही धरून चाला. हेम्माडगा रस्त्यावर हलात्रीचं पाणी पुलावर आलं की पलीकडची गावं पलीकडंच राहतात. वीक-एंडला गेलेला पाहुणा बुधवारी परत येतो.

जागा कुठल्या राज्यात आहे?

हसू नका. 'बेळगावपासून चाळीस किलोमीटर' अशा जाहिरातींतल्या बऱ्याच जागा चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात असतात. तिथं सात-बारा, आणि घेणारा शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. इकडे कर्नाटकानं २०२० मध्ये जमीन सुधारणा कायद्यातली ७९-ए आणि ७९-बी ही कलमं काढून टाकली, त्यामुळे शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. एका बाजूचा नियम दुसऱ्या बाजूला लावणारे एजंट दोन्हीकडं आहेत.

जंगलाला लागून म्हणजे जंगलाच्या नियमात

'फॉरेस्ट टच' हे जाहिरातीत गुण म्हणून छापतात. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, १९० चौरस किलोमीटरचं, सगळं खानापूर तालुक्यात. आतल्या तळेवाडीसारख्या गावांतून लोकांना बाहेर आणून वसवण्याचं काम सुरू झालंय. गावकरी बाहेर पडताहेत तिथं आपण रिसॉर्टचं स्वप्न घेऊन आत शिरायचं, हे मला तरी समजत नाही. अभयारण्याबाहेरही पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचे मसुदे २०१४ पासून निघताहेत. जुलै २०२४ मधला मसुदा सहावा, आणि यादीत खानापूर तालुक्यातली गावं आहेत. तुमचं गाव यादीत आहे का बघा. सर्व्हे नंबर वनखात्याच्या नोंदीत अडकलाय का, हे रेंज ऑफिसात लेखी अर्ज देऊन विचारा. तिथल्या गार्डानं मान हलवली यावर भागवू नका.

शेतजमिनीवर स्वतःसाठी शेतघर बांधता येतं, तेही धारण केलेल्या क्षेत्राच्या दहा टक्क्यांच्या आत. पण ते भाड्यानं देता येत नाही. होमस्टे, तंबू, घोड्यावरची रपेट असा धंदा करायचा तर जमीन महसूल कायद्याच्या ९५ कलमाखाली बिनशेती परवानगीचा रस्ता धरावा लागतो. 'सगळे असंच करतात' हे खरं आहे, नोटीस आल्यावर ते उपयोगी पडत नाही. झाडांचंही तसंच. आपल्या मालकीचं झाड आहे म्हणून करवत लावली असं चालत नाही, वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

आणि प्राणी. गवे कुंपण मोजत नाहीत, हत्ती दांडेलीकडून येतात तेव्हा केळीची बाग एका रात्रीत आडवी होते, आणि पहाटे काजूच्या बागेत अस्वल भेटणं ही इकडे गोष्टीतली गोष्ट नाही. कुंपणात थेट लाइनची वीज सोडणं गुन्हा आहे आणि त्यात माणसंही मरतात. सौर कुंपण घाला, खालचं गवत दर पंधरवड्याला कापा, नाहीतर ओल्या गवतातूनच सगळा करंट जमिनीत जातो. 'कुंपण चालेना' म्हणून मेकॅनिकला फोन करणाऱ्या दहांतल्या आठांचं दुखणं हेच असतं.

जे.सी.बी.ची घाई

नजाऱ्यासाठी उतार उभा कापून सपाटी करतात. पहिला पाऊस तग धरतो, दुसऱ्यात मागची दरड घराच्या स्वयंपाकघरात. कापायचंच असेल तर पायऱ्यापायऱ्यांनी कापा, वरच्या अंगाला आडवा चर काढून पाणी बाजूला वळवा आणि एक पावसाळा तसंच सोडा. माती कुठं बसते ते बघून मग पाया खणा.

घेऊन बसलाच असाल तर

हद्दीचा वाद असेल तर शेजाऱ्याशी भांडायच्या आधी हद्दबस्ताचा, म्हणजे सरकारी मोजणीनं हद्द कायम करून घेण्याचा, अर्ज करा. कन्नडमध्येही शब्द 'हद्दुबस्तु'च आहे, त्यामुळे कचेरीत अडणार नाही. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना चहाला बोलवा आणि दगड त्यांच्या देखत रोवा. सामाईक नंबरात अडकला असाल तर बाकीच्या हिस्सेदारांना गोळा करून पोडी, म्हणजे मोजणी करून हिस्सेवार वेगळे नंबर, करून घ्या. एखादा अडला तर दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा, आणि मग वर्षं मोजू नका. वाट अडवली असेल तर आधी पंच, मग तहसीलदार, मग वकील, याच क्रमानं. उलटं केलंत तर गावात तुम्हाला कामाला माणूस मिळणार नाही.

खरेदीची नोंदणी झाली म्हणून फाइल कपाटात टाकू नका. महिन्या-दोन महिन्यांनी उतारा काढून नववा रकाना बघा. माझ्या उताऱ्यावर नाव चढलं, पण आडनावातला 'ळ' कन्नडात 'ल' झाला होता. ते मला कळलं चार वर्षांनी, काजूच्या रोपांच्या अनुदानाचा अर्ज परत आला तेव्हा.