अडकलेला क्यू मॅनेजर: आयबीएम एमक्यू ठप्प झाल्यावर युनिक्स सर्व्हरवर काय तपासावे

"एमक्यू हँग झाले आहे, रिस्टार्ट करून टाका" हे वाक्य बहुधा रात्री उशिरा आणि बहुधा ज्याला एमक्यूची फारशी माहिती नाही अशा माणसाकडून ऐकू येते. आयबीएम एमक्यू ही प्रोग्रॅम्समधील संदेश क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, ठेवून पोहोचवणारी प्रणाली आहे आणि तिचा मुख्य भाग म्हणजे क्यू मॅनेजर. प्रत्यक्षात तो क्वचितच गोठतो; तो कोणाची तरी वाट पाहत असतो, कधी डिस्कची, कधी आपले काम कमिट, म्हणजे कायम, न करणाऱ्या ॲप्लिकेशनची, तर कधी पलीकडच्या सर्व्हरची. रिस्टार्ट केल्यावर तो कोणासाठी थांबला होता याचा पुरावा नाहीसा होतो आणि पर्सिस्टंट नसलेले, म्हणजे डिस्कवरील लॉगमध्ये न नोंदवलेले, संदेशही सर्वसाधारणपणे हरवतात. म्हणून पहिली दहा मिनिटे काहीही बंद न करता तपासात घालवावीत. पुढील विवेचन एआयएक्स (आयबीएमचे युनिक्स) आणि लिनक्स या दोन्हींवरील आयबीएम एमक्यूला लागू आहे.

एमक्यूएम या युजरने लॉगिन करून प्रथम क्यू मॅनेजरची अवस्था दाखवणारी 'डीएसपीएमक्यू' ही कमांड चालवावी. ती 'रनिंग' असे दाखवत असली तरी हायसे वाटून घेऊ नये, कारण क्यू मॅनेजर कामाला प्रतिसाद देतो आहे याची ग्वाही त्या शब्दात नाही. खरी कसोटी पुढची आहे: 'रनएमक्यूएससी' (एमक्यूला कमांड देण्याचा प्रॉम्प्ट) उघडून 'पिंग क्यूएमजीआर' द्यावे. उत्तर तत्काळ आले तर क्यू मॅनेजर जिवंत आहे आणि दोष क्यू, चॅनेल (क्यू मॅनेजरला बाहेरच्या सर्व्हरशी जोडणारा दुवा) किंवा ॲप्लिकेशन यांपैकी कशात तरी शोधायचा आहे. प्रॉम्प्टच येत नसेल तर थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळावे.

आणखी एक साधी चाचणी मला फार उपयोगी वाटते. चाचणीसाठी दोन लोकल क्यू राखून ठेवावेत, त्यांपैकी एकाचे 'डीईएफपीएसआयएसटी' (संदेश मुळात पर्सिस्टंट असावा का हे ठरवणारे मूल्य) येस आणि दुसऱ्याचे नो असावे, आणि 'एएमक्यूएसपुट' या नमुना प्रोग्रॅमने दोन्हींत एकेक संदेश टाकून पाहावा. पर्सिस्टंट संदेश लॉगमध्ये लिहिला गेल्याशिवाय तो 'पुट' पूर्ण होत नाही. त्यामुळे दुसऱ्या क्यूमध्ये संदेश झटकन जात असेल आणि पहिल्यात अडकत असेल, तर लॉगची डिस्क मंदावली आहे असा संशय घेण्यास सबळ कारण मिळते.

क्यू मॅनेजर प्रतिसाद देत असेल तर 'डिस्प्ले क्यूस्टेटस' या कमांडने तुंबलेल्या क्यूची अवस्था पाहावी. 'आयपीप्रॉक्स' शून्य असेल तर संदेश वाचणारे कोणीच नाही, म्हणजे ॲप्लिकेशन बंद पडले आहे किंवा ट्रिगर मॉनिटर (संदेश आल्यावर ॲप्लिकेशन सुरू करणारा प्रोग्रॅम) चालू नाही. क्यूची खोली 'मॅक्सडेप्थ'ला टेकली असेल (मूळ मर्यादा ५,००० संदेशांची असते) तर टाकणाऱ्याला २०५३, म्हणजे क्यू भरला आहे, हा रीझन कोड मिळतो. मर्यादा वाढवल्याने तेवढ्यापुरता श्वास मिळतो, पण तुंबण्याचे कारण तसेच राहते. कोणीतरी देखभालीसाठी 'गेट', म्हणजे क्यूमधून संदेश काढणे, डिसेबल करून ते पुन्हा चालू करायला विसरले आहे का, हेही पाहावे. हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण त्यावर तासन्‌तास वाया गेलेले मी पाहिले आहेत.

सर्वांत फसवी स्थिती मात्र वेगळी असते: क्यूमध्ये संदेश दिसतात, वाचणारेही जोडलेले आहेत, तरीही त्यांना २०३३, म्हणजे संदेश उपलब्ध नाही, असे उत्तर मिळते. क्यूच्या खोलीत कमिट न झालेले संदेशही मोजले जातात, पण ते कमिट होईपर्यंत इतरांना वाचता येत नाहीत, हे त्यामागचे कारण आहे. 'क्यूस्टेटस'मधील कमिट न झालेले बदल दाखवणारे 'अनकॉम' हे मूल्य पाहावे आणि नंतर 'डिस्प्ले कॉन' या कमांडला 'यूओडब्ल्यूस्टेट' (ट्रान्झॅक्शनची अवस्था) ॲक्टिव्ह असल्याची अट लावून प्रत्येक जोडणीचा प्रोसेस क्रमांक, ॲप्लिकेशनचे नाव आणि ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ काढावी. कित्येक तासांपूर्वी सुरू झालेले एखादे ट्रान्झॅक्शन तिथे सापडले तर बहुतेक वेळा तोच गुन्हेगार असतो. असे ट्रान्झॅक्शन लॉगही अडवून धरते. लॉगची पारंपरिक मूळ रचना ३ प्राथमिक आणि २ दुय्यम फायलींची, प्रत्येकी ४,०९६ पानांची, म्हणजे एकूण सुमारे ८० एमबीची आहे, आणि व्यग्र सर्व्हरवर ती पाहता पाहता भरते. सर्क्युलर लॉगिंगमध्ये, म्हणजे त्याच फायली फिरून वापरण्याच्या पद्धतीत, जागा मोकळी करण्यासाठी क्यू मॅनेजर जुने ट्रान्झॅक्शन स्वतःच रोलबॅक करतो, म्हणजे उलटवतो, आणि एरर लॉगमध्ये एएमक्यू७४६९ हा संदेश लिहितो; एएमक्यू६७०९ दिसला तर लॉग पूर्ण भरला असे समजावे.

अशी जोडणी 'स्टॉप कॉन'ने तोडता येते, पण त्याआधी ॲप्लिकेशनच्या मालकाशी बोलणे आवश्यक आहे. जोडणी तुटताच काढलेले संदेश क्यूमध्ये परत येतात आणि टाकलेले नाहीसे होतात; त्याच कामाचा अर्धा भाग एखाद्या डेटाबेसमध्ये आधीच कमिट झाला असेल तर तोच व्यवहार दोनदा घडू शकतो. याचाच एक चुलतभाऊ म्हणजे विषारी संदेश: ॲप्लिकेशन तो वाचते, चूक होते, रोलबॅक होतो, पुन्हा तोच संदेश समोर येतो. सीपीयू व्यग्र दिसतो, पण खोली हलत नाही. येथे 'बीओथ्रेश' (किती रोलबॅकनंतर संदेश बाजूला काढायचा) आणि 'बीओक्यूनेम' (तो कोणत्या क्यूमध्ये टाकायचा) ही मूल्ये भरलेली आहेत का ते तपासावे. मात्र क्यू मॅनेजर स्वतः हा नियम पाळून घेत नाही, ते काम ॲप्लिकेशनने किंवा त्याच्या जेएमएस (जावा मेसेजिंग) लायब्ररीने करायचे असते, हे लक्षात ठेवावे.

ट्रान्समिशन क्यू (दुसऱ्या क्यू मॅनेजरकडे जाणारे संदेश जिथे थांबतात तो) तुंबला असेल तर 'डिस्प्ले सीएचस्टेटस' पाहावे. 'रिट्राइंग' असेल तर नेटवर्क किंवा पलीकडचा लिसनर (जोडण्या स्वीकारणारी प्रोसेस) तपासावा. 'इनडाउट' येस असेल, म्हणजे पाठवलेल्या गठ्ठ्याची पोच मिळालेली नसेल, तर घाईने 'रिझॉल्व्ह चॅनेल' देऊ नये. पाठवणाऱ्या बाजूचे 'करलूविड' (चालू गठ्ठ्याची ओळख) आणि घेणाऱ्या बाजूचे 'लास्टलूविड' (शेवटी कमिट झालेल्या गठ्ठ्याची ओळख) जुळत असेल तरच कमिट करावे, अन्यथा बॅकआउट.

आता 'रनएमक्यूएससी'च उघडत नाही, ती स्थिती. एमक्यूच्या फाइलसिस्टिम भरल्या आहेत का हे 'डीएफ'ने पाहावे आणि आयनोडही (फाइलसिस्टिममधील फायलींच्या नोंदी) मोजावेत. जागा करण्यासाठी लॉगच्या फायली हाताने कधीही पुसू नयेत, नाहीतर क्यू मॅनेजर पुन्हा उठणारच नाही अशी वेळ येऊ शकते. लिनक्सवर 'पीएस'च्या यादीत प्रोसेस 'डी' अवस्थेत दिसत असतील तर त्या डिस्कची किंवा नेटवर्कवरील साठ्याची वाट पाहत आहेत, आणि त्यांवर 'किल' कमांडचाही उपयोग होत नाही. फाइल डिस्क्रिप्टरची मर्यादा आणि कर्नलची इतर मूल्ये 'एमक्यूकॉन्फिग' ही स्क्रिप्ट तपासून देते. एमक्यूच्या एरर्स डिरेक्टरीत एफडीसी फायली (अंतर्गत बिघाडाच्या वेळी एमक्यू लिहितो त्या) भराभर वाढत असतील तर सर्वांत पहिली फाइल वाचावी, कारण मागाहून आलेल्या बहुतेक फायली तिचेच पडसाद असतात.

काही बंद करण्याआधी प्रोसेसची यादी, एरर लॉग आणि मुख्य प्रोसेसचे स्टॅक (प्रोसेस त्या क्षणी कोणत्या फंक्शनमध्ये आहे याची यादी) जमा करावेत. स्टॅक लिनक्सवर 'पीस्टॅक'ने आणि एआयएक्सवर 'प्रॉकस्टॅक'ने मिळतात. ते अर्ध्या मिनिटाच्या अंतराने तीनदा घ्यावेत, म्हणजे कोण थिजले आहे आणि कोण हळू चालते आहे हा फरक कळतो. एकत्रित माहितीसाठी 'रनएमक्यूरास' आहे.

बंद करताना 'एंडएमक्यूएम' पर्यायांशिवाय दिल्यास क्यू मॅनेजर सर्व ॲप्लिकेशन जोडणी सोडेपर्यंत थांबतो. 'फेल इफ क्विसिंग' (क्यू मॅनेजर बंद होत असल्यास परत फिरण्याचा पर्याय) न वापरणारे एखादे ॲप्लिकेशन अनंत काळ 'गेट'मध्ये बसले असेल तर ही वाटही अनंतच ठरते, आणि मग "बंद करतानाही हँग झाले" अशी तक्रार येते. काही मिनिटांनी 'आय' पर्याय द्यावा आणि तोही लागू पडला नाही तरच 'पी'.

'पी'नेही काम झाले नाही तर प्रोसेस हाताने मारणे उरते, आणि तिथे क्रम महत्त्वाचा आहे. क्यू मॅनेजरच्या नावाने 'पीएस'ची यादी गाळून घ्यावी. एकाच सर्व्हरवर दोन क्यू मॅनेजर असतील तर दुसऱ्याला धक्का लागू नये म्हणून नाव दोनदा तपासावे. आधी 'एएमक्यूझेडएमयूसी०', मग मुख्य नियंत्रक 'एएमक्यूझेडएक्सएमए०', नंतर अधिकार तपासणारी 'एएमक्यूझेडएफयूएमए' आणि 'एएमक्यूझेडएलएए०' हे एजंट, पुढे उरलेल्या सहायक आणि चॅनेलच्या प्रोसेस, आणि शेवटी लिसनर. आधी साधा 'किल' द्यावा, नऊ क्रमांकाचा सिग्नल न ऐकणाऱ्यांसाठीच राखावा. उरलेली शेअर्ड मेमरी 'आयपीसीआरएम'ने एकेक पुसण्याचा मोह टाळावा. त्यासाठी एमक्यूबरोबर 'एएमक्यूआयक्लेन' हे साधन येते.

क्यू मॅनेजर सुरू करण्यासाठी 'एसटीआरएमक्यूएम' दिल्यावर एएमक्यू८०४१ आला तर आधी जोडलेली एखादी प्रोसेस अजून जिवंत आहे, बहुधा सर्व्हरवरच चालणारे एखादे ॲप्लिकेशन, आणि ते थांबवल्याखेरीज क्यू मॅनेजर उठणार नाही. उठताना तो लॉग पुन्हा वाचतो. लॉग मोठा असल्यास यास वेळ लागतो आणि यादरम्यान तो पुन्हा अडकला असे समजून मारू नये. उठल्यावर 'डीएसपीएमक्यूटीआरएन'ने अधांतरी राहिलेली ट्रान्झॅक्शन्स पाहावीत, लिसनर आणि चॅनेल सुरू झाल्याची खात्री करावी, आणि ॲप्लिकेशन एकेक करून जोडावीत. सर्वांना एकदम सोडल्यास दोषी कोण होते हे पुन्हा कळत नाही.