वनस्पतींचे स्टेरॉइड संप्रेरक: मूळ आणि खोड वेगवेगळे कसे तपासावे

जुन्नर-नारायणगावच्या द्राक्षबागांत फवारले जाणारे होमोब्रासिनोलाइड हे ज्या ब्रासिनोस्टेरॉइड कुळातले आहे, ती संप्रेरके प्रत्येक वनस्पती स्वतःही तयार करते. पेशीतील आंतर्द्रव्यजालिकेत कॅम्पेस्टेरॉल या स्टेरॉलवर एकामागून एक विकरे काम करतात आणि कॅस्टास्टेरोन, त्यापासून पुढे ब्रासिनोलाइड बनते. संप्रेरक पुरेसे झाले की पेशी याच विकरांची जनुके मंदावते. हे काम मुळात आणि खोडात आपापल्या ठिकाणी चालते, हे ध्यानात ठेवूनच पुढील प्रयोगाची मांडणी करावी.

पुण्यातील कृषी सेवा केंद्रात होमोब्रासिनोलाइड 0.04 टक्के मिळते. त्याचे 1 मिली 1 लीटर पाण्यात मिसळल्यास लीटरमागे साधारण 0.4 मिलिग्रॅम संप्रेरक येते; हे द्रावण दहापट आणि शंभरपट पातळ करून आणखी दोन पातळ्या तयार कराव्यात. हातमोजे घालावेत आणि प्रयोगातील रोपे खाऊ नयेत. मोहरीचे बी ओल्या टीपकागदावर रुजवून कागद उभे ठेवावेत, म्हणजे मुळे सरळ खाली वाढतात आणि पट्टीने मोजता येतात. एका गटाला साधे पाणी द्यावे, तीन गटांच्या मुळांना तीन पातळ्यांची द्रावणे द्यावीत आणि एका गटाच्या फक्त खोडाला बारीक कुंचल्याने द्रावण लावावे. बाटलीत विद्रावकही असतो, त्यामुळे केवळ पाण्याशी केलेली तुलना पूर्णपणे निर्दोष ठरत नाही. महाविद्यालयात शुद्ध संयुग उपलब्ध असेल तर तेच वापरावे. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या रात्री थंड असल्याने वाढ रेंगाळते, म्हणून सर्व गट एकाच खोलीत, एकाच वेळी ठेवावेत.

तीव्र द्रावणात मुळे आखूड राहणे अपेक्षित आहे, कारण खोडाला लांबवणारी मात्रा मुळाला जास्त होते. मुळाला दिलेल्या द्रावणाने खोडही बदलले, तर त्यावरून वनस्पतीचे स्वतःचे संप्रेरक मुळातून वर जाते असा निष्कर्ष मात्र काढू नये. बाहेरून दिलेला रेणू पाण्याबरोबर वर चढू शकतो. वनस्पतीने बनवलेला रेणू मुळापासून शेंड्यापर्यंत असा लांबचा प्रवास करत नाही. याचा पुरावा वाटाण्याच्या कलमांतून मिळाला आहे: ब्रासिनोस्टेरॉइड कमी बनवणाऱ्या बुटक्या वाटाण्याचा शेंडा निरोगी मुळावर बांधला, तरी तो बुटकाच राहतो.