माघातली पालवी आणि उतावळे हात : या चुका टाळा

माघ निम्मा सरला की पुण्यातल्या बागा कोड्यात टाकणारे रूप घेतात. पहाटे पारा १२-१३ अंशांवर असतो आणि दुपारी तोच ३० च्या पुढे जातो. सोनचाफ्याखाली पिवळ्या पानांचा सडा पडलेला असतो, आंब्याच्या शेंड्यांवर तांबूस पालवी लोंबत असते, पांढरा चाफा पार उघडा पडलेला असतो आणि बकुळ मात्र काही घडलेच नाही अशा थाटात हिरवीगार उभी असते. या दिवसांत लोकांच्या हाताने जेवढी झाडे मरताना मी पाहिली, तेवढी मे महिन्याच्या उन्हातही पाहिली नाहीत.

पहिला गैरसमज ‘सदाहरित’ या शब्दाचा आहे. सदाहरित झाडाची पाने कधी गळत नाहीत असे नव्हे. ती सगळी एकदम गळत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. सोनचाफ्याची आतली, जुनी पाने पिवळी होऊन पडत असतील आणि शेंड्याचा कोंब टवटवीत असेल, तर झाडाला कोणतेही औषध नको आहे.

दुसऱ्या चुकीबद्दल मात्र मला सविस्तर लिहावेच लागेल, कारण ती मी दरवर्षी पाहते. आमच्या सोसायटीत एका गृहस्थांनी हौसेने सीतेचा अशोक लावला होता. (कुंपणाला रांगेने लावतात तो उंच, सरळसोट आसूपालव, तो हा अशोक नव्हे, रोपवाटिकेत दोन्ही ‘अशोक’ म्हणूनच विकले जातात, हे माझे जुने दुखणे आहे.) झाड चार वर्षांचे झाले आणि फेब्रुवारीत त्याला पहिल्यांदा भरघोस पालवी फुटली. सीतेच्या अशोकाची कोवळी पाने तांबूस-जांभळट असतात आणि ओल्या रुमालासारखी थेट खाली लोंबतात. पाने झपाट्याने वाढतात, देठात आणि शिरांत ताठपणा मात्र मागाहून येतो. हिरवा रंगही उशिराच भरतो. दोन-तीन आठवड्यांत तीच पाने आपोआप आडवी होऊन हिरवी होतात. गृहस्थांना हे ठाऊक नव्हते. “अहो ताई, झाड मान टाकतंय, दिसत नाही का तुम्हाला?” असे म्हणत त्यांनी सकाळ-संध्याकाळ एकेक बादली पाणी घालायला सुरुवात केली. “काका, आठ दिवस नुसते बघत राहा,” असे मी दोनदा सांगितले. आठ दिवसांनी पाने तशीच लोंबलेली पाहून त्यांनी मूठभर युरियाही टाकला. आमची माती काळी, चिकट. आळ्यात पाणी साचून राहिले. मार्चअखेरीस जुनी हिरवी पानेसुद्धा कडेने करपू लागली, तेव्हा आम्ही खुरप्याने माती उकरली. मुळे काळी पडली होती आणि मातीला कुजका वास येत होता. हे झाड सह्याद्रीतल्या ओढ्याकाठचे आहे, त्याला ओल आवडते, हे खरे. पण ओढ्याकाठचे पाणी वाहते, आळ्यातले तुंबते.

माझी सवय साधी आहे. पालवी लोंबलेली दिसली की मी पानाकडे न पाहता मातीत बोट घालते. दोन पेरे खोल माती ओलसर असून बोटाला चिखल लागत नसेल, म्हणजे वाफसा असेल, तर झारी परत जागेवर ठेवते. खरोखर तहानलेल्या झाडाची जुनी पानेही मलूल होतात; फक्त कोवळीच लोंबत असतील, तर ती त्यांची रीत आहे.

आंब्याची तांबूस पालवी ‘रोगट’ म्हणून छाटणाऱ्यांचीही हीच गत. करपा असेल तर पानावर काळपट डाग वेडेवाकडे पसरतात. सगळे पान एकसारखे तांबूस, तुकतुकीत असेल, तर सिकेटर (छाटणीची कात्री) खिशात ठेवावी.

पांढरा चाफा निष्पर्ण झाला की काही जण तो मेला म्हणून उपटतात आणि काही जण तो जगावा म्हणून पाणी ओततात. दोन्ही प्रकार उतावळेपणाचे. फांदीला नखाने किंचित खरवडावे. आत हिरवे दिसले आणि चीक आला, तर झाड नुसते झोपले आहे. अंगठ्याने दाबून फांदी मऊ लागली, तर ती कुजली आहे, निरोगी भागापर्यंत कापून टाकावी. त्याच्या जाड फांद्यांत पाण्याचा साठा असतो, म्हणून नवी पाने बोटभर होईपर्यंत मी कुंडीतल्या चाफ्याला जवळजवळ पाणीच देत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. कोवळ्या फुटीवर भरपूर नत्र दिले की मावा ही रस शोषणारी कीड निमंत्रणाशिवाय येते. निंबोळी अर्क भर दुपारी फवारल्यास पालवी भाजते. फवारणी संध्याकाळीच करावी. थंडीत पिवळा पडलेला कढीपत्ता ऊब वाढली की स्वतःच सावरतो, त्याच्यावर रोज नवा घरगुती उपाय करू नये. मोगऱ्याची हिरवी पाने पाहून छाटणीला जीव धजत नसेल, तर उन्हाळ्यात फुलांची फार आशा धरू नये. आणि गळलेली पाने जाळणाऱ्यांशी मी बोलत नाही.

शेवटी, ‘रिकाम्या’ कुंड्या. भुईचाफ्याची पाने थंडीत पूर्ण नाहीशी होतात आणि उन्हाळ्यात पानांच्या आधी फुलेच थेट मातीतून वर येतात. मधले काही महिने कुंडीत दिसण्यासारखे काहीच नसते, म्हणून मी तीत जुना टूथब्रश खोचून ठेवते. हा टूथब्रश नसतानाच्या एका फेब्रुवारीत माझ्या मुलाने त्या कुंडीत मेथी पेरण्यासाठी खुरपे चालवले आणि गड्ड्याचे दोन तुकडे केले. एप्रिलमध्ये त्यातल्या एका तुकड्याला दोन फुले आली. मेथी मात्र उगवली नाही.