वहीची पानं नक्षत्रांप्रमाणे

कामं, पक्षी-झाडं आणि मनातलं सगळं एकाच वहीत. त्यामुळे गेल्या साली बहावा कधी फुलला ते सापडत नसे. आता निसर्गनोंदींना सूर्यनक्षत्राचं, म्हणजे सूर्य ज्या नक्षत्रात असतो त्याचं, पान दिलंय. २७ नक्षत्रं, प्रत्येक साधारण १३-१४ दिवसांचं. रोजच्या तारखेला पान दिलं की बहुतेक कोरीच राहतात, आणि तिथी दरवर्षी सरकते. मृग मात्र ७-८ जूनलाच लागतो. रोहिणीत पावशाची हाक, मृगात काजवे, हस्तात सोनकीची पिवळी फुलं: सालवार ओळी एकाखाली एक येतात, फरक लगेच दिसतो. फुललं नाही, तेही लिहायचं. ती नोंद तितकीच मोलाची.

कामांची यादी वहीच्या उलट्या टोकाकडून, पेन्सिलीने. मनातलं मात्र नक्षत्राच्याच पानावर, तळाशी लिहिते. मागच्या मृगात कशाची धास्ती होती, तेही पावसाच्या नोंदीशेजारी वाचता येतं.