फार्मसीची कॅल्क्युलेशन्स: आकड्याआधी युनिट बघा

डी.फार्म नाहीतर बी.फार्मच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना कॅल्क्युलेशन्सची जी धास्ती असते ना ती खरं तर गणिताची नसतेच, कारण सगळं शाळेतल्या त्रैराशिकात बसतं. घोटाळा होतो तो एमजी, एमएल, टक्के आणि युनिट्स यांची सरमिसळ झाल्यामुळे. म्हणून तुम्ही गोव्यात पणजीला शिकत असा की फर्मागुडीला, पहिल्या दिवसापासून एवढं करा, प्रत्येक पायरीला आकड्याशेजारी युनिट लिहा आणि नको असलेलं युनिट वर-खाली कटतंय का ते बघा. कटलं नाही तर मांडणीच चुकलीय, पुढे कॅल्क्युलेटर मारून काही उपयोग नाही.

ग्रॅम, एमजी (मिलिग्रॅम), एमसीजी (मायक्रोग्रॅम), प्रत्येक पायरी 1000 ची. थायरॉइडच्या गोळीवर 50 एमसीजी असतं आणि चिठ्ठीवर 0.05 एमजी आलं तरी गोळी तीच. लिहिताना मात्र दशांशचिन्हाआधी शून्य हवंच, .5 नाही 0.5, आणि पूर्ण आकड्याच्या मागे नकोच, 5.0 नाही नुसतं 5. टिंब पुसट झालं की .5 चे 5 होतात आणि 5.0 चे 50, म्हणजे दहापट डोस, हे फार गंभीर आहे.

जुनी मापं परीक्षेपुरती पाठ करून टाका: 1 ग्रेन म्हणजे साधारण 65 एमजी, 1 पाउंड 454 ग्रॅम, 1 किलो 2.2 पाउंड, ब्रिटिश फ्लुइड औंस 28.4 एमएल, टीस्पून 5 आणि टेबलस्पून 15 एमएल.

टक्क्यांमध्ये वेट बाय व्हॉल्यूम म्हणजे 100 एमएलमध्ये इतके ग्रॅम, बस. 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 एमएल बाटलीत 25 ग्रॅम डेक्स्ट्रोज. नॉर्मल सलाइन 0.9 टक्के, म्हणजे लिटरला 9 ग्रॅम मीठ, त्याला मिठाच्या रेणुभाराने, 58.5 ने, भागलं की 0.154 मोल, म्हणजे 154 मिलीमोल, आणि सोडियमवर एकच भार असल्यामुळे लिटरला सोडियमचे 154 मिलीइक्विव्हॅलंट. 1:1000 असं आलं की 1000 एमएलमध्ये 1 ग्रॅम वाचायचं, म्हणून 1:1000 अ‍ॅड्रेनलिनच्या 1 एमएलमध्ये 1 एमजी औषध. पोटॅशियम परमँगनेटचं 1:5000 द्रावण 1 लिटर करायचं तर 200 एमजी लागेल.

आता अ‍ॅलिगेशन. म्हणजे दोन वेगळ्या टक्क्यांची द्रावणं मिसळून मधल्या टक्क्याचं करायची रीत. 90 टक्के आणि 60 टक्के अल्कोहोल मिसळून 70 टक्क्यांचं 600 एमएल हवंय. मधे 70 लिहा आणि तिरक्या वजाबाक्या करा, 70 वजा 60 म्हणजे 90 वाल्याचे 10 भाग, 90 वजा 70 म्हणजे 60 वाल्याचे 20 भाग, प्रमाण 1:2, तर 200 एमएल आणि 400 एमएल. लगेच उलटा ताळा घ्या: 180 अधिक 240 बरोबर 420, आणि 600 चे 70 टक्के 420 च. हा ताळा बरेच जण घेत नाहीत, खरं तर वीस सेकंदांचं काम आहे आणि मार्क हमखास वाचतात.

प्रूफ स्पिरिट म्हणजे अल्कोहोलची ताकद सांगायचं जुनं ब्रिटिश माप, त्यात साधारण 57 टक्क्यांना 100 धरतात, त्याहून कमी ते अंडर प्रूफ, जास्त ते ओव्हर प्रूफ. त्याचं उदाहरण शोधायला तर गोव्यात लांब जायलाच नको. काजू फेणीच्या बऱ्याच बाटल्यांवर 42.8 टक्के व्हॉल्यूम बाय व्हॉल्यूम छापलेलं असतं, ते 1.753 ने गुणा, 75.03 येतात, त्यातून 100 वजा केले की साधारण उणे 25, म्हणजे 25 अंडर प्रूफ. तो विचित्र दिसणारा 42.8 चा आकडा इथून आलाय. 95 टक्के अल्कोहोल घेतलं तर 166.5, म्हणजे 66.5 ओव्हर प्रूफ.

सलाइनच्या थेंबांचं सूत्र सोपं, एमएल गुणिले सेटचा ड्रॉप फॅक्टर (1 एमएलमध्ये किती थेंब) भागिले मिनिटं. 500 एमएल 4 तासांत आणि सेट 20 थेंबांचा, तर 10000 भागिले 240, मिनिटाला 42 थेंब. फॅक्टर सेटच्या पाकिटावर बघा, गृहीत धरू नका, मायक्रो सेट 60 चा असतो.

मुलांच्या डोससाठी यंगचा फॉर्म्युला (वर्षांतलं वय भागिले वय आणि 12 ची बेरीज, गुणिले मोठ्यांचा डोस) आणि क्लार्कचा (पाउंडातलं वजन भागिले 150, गुणिले मोठ्यांचा डोस) परीक्षेत येतात, पण काउंटरवर काम चालतं ते दर किलोच्या एमजीवर. 12 किलोचं मूल, पॅरासिटामॉल एका वेळी किलोला 15 एमजी, म्हणजे 180 एमजी. इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर येतं. पण सिरप कुठलं? 120 एमजी पर 5 एमएल असेल तर 7.5 एमएल, 250 पर 5 असेल तर 3.6 एमएल, आणि ड्रॉप्स 100 एमजी पर एमएल असतील तर फक्त 1.8 एमएल. जुनी बाटली संपली, नवीन दुसऱ्या स्ट्रेंथची आली आणि आईने सवयीने तेवढंच पाजलं तर पोराला दुप्पट डोस गेला. त्यामुळे बाटली देताना एमएल तोंडी सांगा, लेबलवर पेनने लिहा, आणि घरातला चमचा नको, बाटलीबरोबरचं माप वापरायला सांगा, हे दर वेळी सांगायचं, गर्दी असली तरी.

इन्सुलिनचं तर मी प्रत्येक ज्युनियरला पुन्हा पुन्हा सांगतो. आपल्याकडे 40 युनिट पर एमएलच्या व्हायल (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या) मिळतात आणि 100 युनिट पर एमएलच्याही, पहिल्याची सिरिंज लाल टोपीची, दुसऱ्याची केशरी. 20 युनिट म्हणजे पहिल्यातून 0.5 एमएल, दुसऱ्यातून 0.2 एमएल. आता अदलाबदल करून बघा. 40 ची व्हायल आणि 100 ची सिरिंज, 20 च्या खुणेपर्यंत ओढलं तर 0.2 गुणिले 40, फक्त 8 युनिट गेले, शुगर चढणारच. उलट झालं तर 0.5 गुणिले 100, म्हणजे 20 च्या जागी 50 युनिट, माणूस बेशुद्ध पडू शकतो, जिवावरही बेतू शकतं. लिहितानाही युनिट हा शब्द पूर्ण लिहा, नुसतं इंग्रजी यू अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं आणि 10 चे 100 होतात. आणि कोणी नुसती सिरिंज मागायला आलं तर व्हायल कुठली ते विचारल्याशिवाय देऊ नका, आठवत नसेल तर घरी फोन करून लेबलचा फोटो मागवायला सांगा आणि तो स्वतः वाचा.